माळ्यावरच्या खोलीतला ‘ड’

डच भाषेत ‘झोल्डरकामर’ असा एक रोजच्या वापरातला शब्द आहे. अर्थ अगदी सरळ: माळ्यावरची खोली. उतरत्या छपराखालची, कडेला गेलं की मान वाकवायला लावणारी, घरातल्या थोरल्या मुलाच्या वाट्याला येणारी. उच्चारताना जोर पहिल्या ‘झो’वर. हा झ ‘झाड’मधला घ्यायचा, ‘झेंडा’मधला नाही. बाकीची अक्षरं भराभर, फारशी न रेंगाळता.

या शब्दाची दोन्ही पदं लॅटिन आहेत. ‘झोल्डर’ आला ‘सोलारिउम’वरून आणि ‘कामर’ आला ‘कामेरा’वरून. एवढं सांगून बहुतेक कोश मोकळे होतात. खरी गंमत पुढे आहे. ‘सोलारिउम’मध्ये ड कुठेच नाही. मग ‘झोल्डर’मध्ये तो आला कुठून? आणि सूर्यावरून नाव पडलेली जागा घरातला सगळ्यात अंधारा कोपरा कशी झाली?

आधी समासाचं पाहू, कारण तिथेच नवखा माणूस अडखळतो. डच समासात मान शेवटच्या पदाला. आपल्या तत्पुरुषासारखंच. झोल्डरकामर ही खोली आहे, माळा नाही. शेवटचं पदच शब्दाचं लिंग ठरवतं. ‘कामर’ला ‘डे’ हे उपपद लागतं, म्हणून झोल्डरकामरलाही ‘डे’. त्याच्यापुढे खिडकी, म्हणजे ‘राम’ जोडलं की ‘झोल्डरकामरराम’ होतं आणि ‘राम’ नपुंसकलिंगी असल्यामुळे अख्ख्या लांबलचक शब्दाला ‘हेट’ लागतं. ‘झोल्डरकामर्‌ट्ये’ असं लाडाचं रूप केलं तरी ‘हेट’च, कारण डचमध्ये ‘-ट्ये’ लावलेलं प्रत्येक नाम नपुंसकलिंगी होतं. पदांच्या मध्ये कधी ‘स’, कधी ‘अ’ असा सांधा येतो. शहराची तटबंदी ‘स्टाट्समूर’ आणि सूर्यफूल ‘झॉनअब्लूम’. झोल्डरकामरमध्ये मात्र सांधा नाही, दोन पदं थेट चिकटतात.

आणि ती एकत्रच लिहायची. डचमध्ये समास तोडून लिहिण्याच्या सवयीला ‘इंग्रजी आजार’ असं नाव आहे. आपल्याकडे ‘पाणीपुरवठा’ फोडून ‘पाणी पुरवठा’ अशी पाटी रंगवणारे आहेतच, त्यामुळे हा आजार ओळखायला मराठी माणसाला वेळ लागू नये. उलट बाजूचा धोका चुकीच्या जागी फोडण्याचा. ‘फाल्कौल’ ही अक्षरं ‘फाल’ आणि ‘कौल’ अशी फोडली तर सापळ्याचा खड्डा. ‘फाल्क’ आणि ‘औल’ अशी फोडली तर ससाणा आणि घुबड. डच लिपीत मध्ये एकच क असतो, तो कुणाच्या पदरात घालायचा एवढाच प्रश्न. म्हणून व्युत्पत्तीचं पहिलं काम सांधा शोधणं. झोल्डरकामरचा सांधा सुदैवाने उघडा आहे.

आता पूर्वपद. लॅटिनमध्ये ‘सोल’ म्हणजे सूर्य आणि ‘-आरिउम’ हा जागा दाखवणारा प्रत्यय. तोच आपण अ‍ॅक्वेरियम, हर्बेरियम या शब्दांतून रोज ऐकतो. सोलारिउम म्हणजे उन्हाची जागा. रोमन माणूस हा शब्द दोन गोष्टींसाठी वापरी: एक सूर्यघड्याळ आणि दुसरी घराचं सपाट, उघडं छप्पर. दुसरी म्हणजे सरळ आपली वाळवणाची गच्ची.

सूर्यघड्याळाची एक हकिगत रोमन लेखक प्लिनीने नोंदवली आहे. इ. स. पूर्व २६३ मध्ये सिसिलीतलं काताना शहर जिंकल्यावर तिथलं सूर्यघड्याळ उचलून रोममध्ये आणलं आणि भर चौकात बसवलं. काताना, म्हणजे आजचं कातानिया, साधारण साडेसदतीस अक्षांशावर आणि रोम जवळजवळ बेचाळिसावर. त्या अक्षांशासाठी कोरलेल्या रेषा इथे जुळणार कशा? सावली चुकीच्या रेघेवर पडत राहिली आणि रोम शहर ९९ वर्षं त्या चुकीच्या वेळेवर चाललं. इ. स. पूर्व १६४ मध्ये नीट आखलेलं घड्याळ शेजारी बसवलं तेव्हा ती अडचण मिटली. सूर्यघड्याळ उचलून नेता येतं, त्याचा अक्षांश नेता येत नाही.

शब्दाच्या बाबतीतही हेच झालं. भूमध्य समुद्राकाठी सपाट छप्पर परवडतं, कारण पाऊस बेताचा. ऱ्हाइन नदीच्या मुखापाशी, म्हणजे आजच्या नेदरलँड्समध्ये, ते टिकत नाही. तिथे छप्पर उतरतंच हवं. उघडी गच्ची बांधता येईना, पण ‘घराची सगळ्यात वरची जागा’ हा अर्थ शिल्लक राहिला आणि शब्द तिथे जाऊन बसला. मध्ययुगीन लॅटिनमध्येच सोलारिउम म्हणजे वरचा मजला असा अर्थ रुळला होता. इटालियनमध्ये ‘सोलाइओ’ म्हणजे माळा. जर्मनमधल्या ‘झ्योलर’ने सज्जाचा अर्थ धरून ठेवला, म्हणजे थोडं तरी ऊन राखलं. डचने छपराखालचा मजला घेतला आणि ऊन सोडून दिलं. शिवाय डच घरात झोल्डर म्हणजे नुसती जागा नव्हे. दोन मजल्यांमधल्या फळ्यांच्या तक्तपोशीला ‘झोल्डरिंग’ म्हणतात. म्हणजे खालच्याचं छत आणि वरच्याची जमीन, दोन्ही तीच.

हे शब्द तिकडे गेले कसे, याचं उत्तर ऱ्हाइनच्या काठावर आहे. पहिल्या शतकाच्या मध्यापासून नदीचा दक्षिण काठ ही रोमन साम्राज्याची हद्द होती. काठाकाठाने किल्ल्यांची रांग, मागे रस्ता, वस्त्या, बाजार. उट्रेख्तचं जुनं नाव त्राएक्तुम, म्हणजे नदी ओलांडायची जागा. नाइमेखन म्हणजे नोव्हिओमागुस. जर्मानिक टोळ्यांची घरं लाकडाची, भिंती विणलेल्या काटक्यांवर चिखल लिंपलेल्या, म्हणजे कोकणातला कुड. दगड, वीट, चुना ही विद्या रोमनांकडची. म्हणून डच घर आजही शब्दांच्या पातळीवर दोन गवंड्यांनी बांधलेलं दिसतं. ‘हौस’ म्हणजे घर, ‘डाक’ म्हणजे छप्पर, ‘डेर’ म्हणजे दार, ‘बाल्क’ म्हणजे तुळई हे घरचे शब्द. ‘मूर’ (मूरुस), ‘तेखल’ (तेगुला, कौल), ‘काल्क’ (काल्क्स, चुना), ‘फेन्स्टर’ (फेनेस्त्रा, खिडकी), ‘केल्डर’ (केल्लारिउम, तळघर), ‘झोल्डर’ हे रोमनांचे. भिंतीला तर दोन शब्द टिकले. ‘मूर’ ही दगडविटांची, आणि ‘वांट’ हा ‘विन्डन’, म्हणजे गुंडाळणं, या धातूवरून आलेला. वांट म्हणजे मुळात विणलेला कुडच. आज काँक्रीटच्या पडभिंतीलाही वांट म्हणतात आणि कुणालाही काटक्या आठवत नाहीत.

उसनवारी कधी झाली हेही शब्द स्वतःच सांगतात. लॅटिनमध्ये ए, इ या स्वरांपुढचा क जुन्या काळी ‘क’च होता, पुढे तो ‘च’, ‘त्स’कडे सरकला. केल्डर, ‘कैझर’ (केसार), ‘किस्ट’ (किस्ता, पेटी), ‘केर्स’ (चेरी) या शब्दांत क शाबूत आहे. म्हणजे हे शब्द तो बदल व्हायच्या आत ऱ्हाइनपार गेले. उशिरा आलेल्या ‘सेल’मध्ये, कोठडी या अर्थाने, त्याच लॅटिन अक्षराचा स होऊन बसला आहे. केल्ला या एकाच मुळातून केल्डर आणि सेल, मध्ये काही शतकांचं अंतर. झोल्डरच्या तोंडाशी क नसल्यामुळे ही कसोटी तिथे चालत नाही. पण जुन्या उच्च जर्मनमध्ये ‘सोलारी’ आणि जुन्या इंग्रजीत ‘सोलोर’ सापडतो, आणि इतक्या शेजाऱ्यांकडे एकच भांडं सापडलं की ते जुन्या बाजारातलं असणार.

आता त्या ‘ड’कडे वळू.

लॅटिन उच्चार सो-ला-रि-उम, जोर ‘ला’वर. जर्मानिक भाषांची खोड अशी की जोर शब्दाच्या पहिल्या अवयवावर ओढायचा. जोर ‘सो’वर गेला की बाकीचे स्वर पांगळे होतात. ‘-उम’ गळून पडलं, ‘सोलारी’ उरलं. त्याचं ‘सोलरअ’ झालं आणि मग मधला स्वरही गेला. मध्यकालीन डचमध्ये ‘सोल्रअ’ असा शब्द लिहिलेला सापडतो. इथे ल आणि र यांची पहिल्यांदा गाठ पडते, मध्ये काहीही न राहता.

ल म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकलेलं असतं आणि हवा जिभेच्या दोन्ही कडांनी निसटते. र म्हणायला टोक सोडवून थरथरवायचं. या दोन हालचाली काटेकोर एका क्षणी होत नाहीत. टोक सुटायच्या आधी कडा बंद झाल्या, अगदी सेकंदाच्या शतांशभर, तर त्या क्षणी तोंडात काय असतं? टोक टेकलेलं, कडा बंद, घशात घोष, म्हणजे स्वरतंतूंचा कंप, चालू. हाच तर ड. कुणी मुद्दाम घातलेला नाही. दोन अवयवांची वेळ चुकली की तो आपोआप तयार होतो. सोल्रअचं ‘सोल्ड्र’ झालं, आणि ते जिभेला जड म्हणून शेवटी ‘सोल्डर’. केल्लारिउमचंही असंच केल्रअ, केल्डर. जर्मनने मधला स्वर सोडला नाही, म्हणून तिथे ‘केलर’, ड नाही. जर्मन ‘टालर’ या नाण्याचं डच रूप ‘डाल्डर’. न आणि र भेटले तरी हेच: गडगडाटाला जर्मन ‘डॉनर’ म्हणतो आणि डच ‘डॉन्डर’, जर्मन ‘हाइन्रिख’चा डच ‘हेन्ड्रिक’. र ला र भेटला तरी ड मध्ये पडतो. तरवाचक रूप करायला ‘-अर’ लावतात, पण ‘डूर’ म्हणजे महाग याचं ‘अधिक महाग’ होताना ‘डूर्डर’ होतं. डच शिकणाऱ्याला हा नियम पाठ करावा लागतो. ल-र, न-र, र-र यांच्या मध्ये ड, एवढं डोक्यात बसलं की पाठांतर संपतं.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. म आणि र भेटले की मध्ये ब येतो. म म्हणताना ओठ मिटलेले आणि हवा नाकातून. ओठ उघडायच्या आधी नाकाची वाट बंद झाली की ओठांत ब तयार. संस्कृत ‘आम्र’चं प्राकृतात ‘अंब’ झालं आणि आपण ‘आंबा’ म्हणतो. ‘ताम्र’चं ‘तांबं’. फारसी ‘कमर’ची ‘कंबर’. इथे तर ‘कमरेला’ आणि ‘कंबरेला’ ही दोन्ही रूपं आजही तोंडी आहेत, म्हणजे बदल डोळ्यांदेखत पाहता येतो. न आणि र भेटले की द: ‘वानर’चं बोलीत ‘वांदर’. इंग्रजीतून आलेल्या ‘नंबर’मधला ब हासुद्धा असाच, लॅटिन ‘नुमेरुस’मध्ये तो नाही, फ्रेंच वाटेवर म आणि र यांच्या मधला स्वर गळाल्यावर तो उगवला. आंब्यातला ब आणि झोल्डरमधला ड एका जातीचे आहेत. त्यांचं लॅटिनशी काही देणंघेणं नाही, संस्कृतशीही नाही. ते जिभेचे आणि ओठांचे.

म्हणून ‘झोल्डर हा लॅटिन शब्द’ असं म्हणणं मला अपुरं वाटतं. त्यातला सोल तेवढा लॅटिन. ड घरचा.

तोंडाशी असलेला झही घरचाच. डचमध्ये स्वरापुढचा आद्य स घोष होऊन झ झाला: ‘झे’ म्हणजे समुद्र, ‘झाउट’ म्हणजे मीठ, ‘झेस’ म्हणजे सहा. जुने उसने शब्दही या लाटेत सापडले, सोल्डरचा झोल्डर झाला. लाट ओसरल्यावर आलेल्यांचा स तसाच राहिला: ‘सोल्डाट’ म्हणजे शिपाई, ‘सूप’, आणि आपल्या शर्करेचा वंशज ‘सौकर’ म्हणजे साखर. शब्द जुना की नवा हे पाहायला ही कसोटी हाताशी ठेवावी, पण डोळे मिटून वापरू नये. ‘सामन’ म्हणजे एकत्र, हा अस्सल घरचा शब्द असून स घेऊन उभा आहे, कारण तो मुळात ‘ते सामन’ असा जोडीने बोलला जाई आणि आधीच्या अघोष त ने स ला घोष होऊ दिलं नाही.

विसाव्या शतकात सोलारिउम डचमध्ये पुन्हा आला, पुस्तकी रूपात. आता त्याचा अर्थ दिव्यांच्या अतिनील प्रकाशात कातडी रापवण्याची सोय. झोल्डर तद्भव, सोलारिउम तत्सम, एकाच भाषेत शेजारी शेजारी. बोलणाऱ्याला दोघांचं नातं जाणवत नाही.

तिसरं नातं याहून जुनं आहे. सूर्याला डच शब्द ‘झॉन’. तो उसना नाही, वारशाने आलेला. लॅटिन ‘सोल’, डच ‘झॉन’ आणि संस्कृत ‘सूर्य’ हे तिन्ही एकाच आदि-भारोपीय, म्हणजे या तिन्ही भाषांच्या सामाईक पूर्वज भाषेतल्या, शब्दाचे वंशज. मग एकात ल आणि एकात न कसा? त्या मूळ शब्दाच्या काही विभक्तिरूपांत ल होता, काहींत न. संस्कृतात या तऱ्हेचं नाम आहे: दिवस या अर्थाचा ‘अहर्’. ‘अहर्निश’मध्ये र दिसतो आणि ‘मध्याह्न’मध्ये न. सूर्याच्या शब्दात लॅटिनने ल चं खोड ठेवलं, डचने न चं. झोल्डरमधला सोल आणि अंगणातला झॉन हे सख्खे चुलत आहेत. एक घरातच वाढला, दुसरा रोमहून आला.

आता उत्तरपद. ‘कामेरा’ मूळ ग्रीक ‘कामारा’, अर्थ कमान किंवा घुमटाकार छत. लॅटिनमध्ये आधी छत, मग त्या छताखालची खोली. छत म्हटलं की दगडी कमान डोळ्यांपुढे येते, पण रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअसच्या सातव्या ग्रंथात कामेरा बांधायची जी रीत आहे ती हलकी आहे. वाकवलेल्या पट्ट्या दोन रोमन फुटांपेक्षा जास्त अंतरावर ठेवायच्या नाहीत. लाकूड शक्यतो सुरूचं घ्यायचं, कारण बाकीचं लाकूड कुजतं. पट्ट्या वरच्या तुळयांना टांगायच्या, खाली चेचलेले बोरू बांधायचे आणि मग गिलावा द्यायचा. म्हणजे दगडी कमानीचा आव आणलेला लिंपलेला बोरूच. ज्या शब्दाने पुढे दरबार, संसद आणि न्यायाधीशांचं दालन पेललं, त्याच्या मुळाशी हा गिलावा आहे.

झोल्डर इतका बदलला आणि कामर जवळजवळ तसाच राहिला, याचं कारण एका स्वरात आहे. कामेरामधला म आणि र यांच्यामधला ए डचने पुसट केला, पण पुरता गाळला नाही. म आणि र यांची गाठच पडली नाही, म्हणून ब आला नाही. फ्रेंचने तो स्वर गाळला: कामेरा, काम्र, आणि लगेच ब उगवून ‘शांब्र’. सुरुवातीच्या ‘का’चा ‘श’ होणं ही फ्रेंचची दुसरी खोड. ‘कापुत’ म्हणजे डोकं याचा ‘शेफ’ तसाच झाला. झोल्डरकामर या एका शब्दात दोन्ही प्रकार समोरासमोर दिसतात. पूर्वपदात स्वर गळाला म्हणून ड. उत्तरपदात स्वर टिकला म्हणून काही नाही.

कामेराची मराठीतली वस्ती पाहिली तर थक्क व्हायला होतं. पोर्तुगीज ‘कामारा’वरून ‘कमरा’. गोव्यात पोर्तुगीज राजवटीत नगरपालिकेला ‘कामारा म्युनिसिपाल’ म्हणत. कमरा आणि कमर यांची अक्षरं जुळतात म्हणून नातं जोडू नये. एक पोर्तुगीज गलबतातून उतरला, दुसरा फारसीतून आला. ‘कॅमेरा’ आला ‘कामेरा ऑब्स्क्यूरा’ या अंधाऱ्या खोलीवरून. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ मध्ये हा शब्दप्रयोग केला. पुढे खोलीची पेटी झाली आणि ‘अंधारी’ हे विशेषण गळून नुसती ‘खोली’ उरली. ‘कॉम्रेड’ हा स्पॅनिश ‘कामारादा’, म्हणजे एका खोलीत राहणारा सोबती. फ्रेंच शांब्रवरून इंग्रजीमार्गे ‘चेंबर’, आणि तो तर वकिलांच्या दालनापासून चेंबर ऑफ कॉमर्सपर्यंत जाऊन शेवटी रस्त्यावरच्या उघड्या गटाराच्या चेंबरपर्यंत पोचला. ‘इन कॅमेरा सुनावणी’ अशी बातमी आली की चित्रीकरण होणार असं समजणारे पुष्कळ असतात. अर्थ नेमका उलटा: बंद खोलीत, बाहेरच्यांना मज्जाव.

डचमध्येही कामरचा पसारा असाच. २० मार्च १६०२ ला स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा कामर होत्या: अ‍ॅमस्टरडॅम, झेलांट, डेल्फ्ट, रॉटरडॅम, होर्न आणि एन्कहौझन. इथे कामर म्हणजे भागीदारांची पेढी. प्रत्येक कामर आपली जहाजं आपल्या गोदीत बांधी. वरचं संचालक मंडळ १७ जणांचं: अ‍ॅमस्टरडॅमचे ८, झेलांटचे ४, बाकी चौघींचा एकेक, आणि सतरावा अ‍ॅमस्टरडॅम सोडून इतरांतून पाळीपाळीने, म्हणजे एकट्या अ‍ॅमस्टरडॅमला बहुमत मिळू नये. कंपनीच्या जोडाक्षरी शिक्क्यावर डोक्याशी एक अक्षर असे, ते कामरचं. वेंगुर्ल्याची डच वखार, जिचे पडके अवशेष आजही उभे आहेत, ती याच कंपनीची. सतराव्या शतकात गोव्याच्या पोर्तुगीजांना समुद्रातून कोंडीत धरताना ती फार उपयोगी पडली.

आज कॅपिटल अक्षराने लिहिलेला कामर म्हणजे संसदेचं सभागृह. ‘ट्वेडे कामर’ १५० सदस्यांचं, थेट निवडून आलेलं. ‘एर्स्टे कामर’ ७५ जणांचं. ‘कामरप्लांट’ म्हणजे कुंडीतलं घरातलं झाड आणि ‘कामरलिट’ म्हणजे खासदार. पहिला शब्द लहान अक्षराने, दुसरा मोठ्या. नवशिक्यांची इथे हमखास फजिती होते.

सोलारिउम आणि कामेरा रोममध्येही एकदा समोरासमोर आले आहेत. रोमन सम्राट ऑगस्टसने इ. स. पूर्व १० मध्ये इजिप्तमधल्या हेलिओपोलिसहून ग्रॅनाइटचा एक ओबेलिस्क, म्हणजे टोकदार उंच स्तंभ, आणला आणि त्याची सावली जमिनीवरच्या ब्राँझच्या खुणांवर पडेल असा बसवला. अभ्यासक त्या जागेला सोलारिउम म्हणतात. तो पुढे पडला, गाडला गेला, आणि १७९२ मध्ये मोंतेचितोरिओ चौकात पुन्हा उभा केला. त्याच्या मागचा वाडा म्हणजे इटलीच्या संसदेचं कनिष्ठ सभागृह, ‘कामेरा देइ देपुताती’. तरी लॅटिनमध्ये या दोन शब्दांचा समास कधी झाला नाही. सुटे भाग रोमचे, जुळणी डच.

नावसाधर्म्याचे सापळे झोल्डरभोवती भरपूर आहेत. जुन्या लेखनात तो ‘सोल्डर’ असा दिसतो आणि धातू डागण्याचा इंग्रजी शब्द लिपीत अगदी तसाच. त्याचं मूळ ‘सोलिदुस’, म्हणजे घट्ट. सोल्डाटही तिथलाच: सोलिदुस नावाच्या सोन्याच्या नाण्यात पगार घेणारा तो शिपाई. डागकामाचा ड मुळातला आहे, माळ्याचा ड मागून उगवलेला. तपासायची रीत एवढीच की आजचं रूप बाजूला ठेवून सगळ्यात जुनी नोंद गाठायची. सोल्रअ असं ड नसलेलं रूप सापडलं की प्रश्न मिटतो. डागकामाच्या शब्दाच्या जुन्या नोंदींत ड असतोच. जुनं लेखन एरवी शुद्धलेखनाच्या सुधारणांत पुसलं गेलं, पण अ‍ॅमस्टरडॅममध्ये एका पाटीवर अजून आहे: ‘ऑन्स लिव्ह हेर ऑप सोल्डर’, माळ्यावरचा आमचा प्रभू. १५७८ नंतर शहरात कॅथलिकांना उघड उपासना करायला बंदी होती. यान हार्टमान या व्यापाऱ्याने १६६१ मध्ये कालव्याकाठी घर घेतलं आणि १६६३ पर्यंत पुढच्या घराचे आणि मागच्या दोन घरांचे वरचे मजले एकमेकांत उघडून आत अख्खं चर्च बसवलं. रस्त्यावरून पाहिलं तर नुसतं घर. १८८८ पासून तिथे संग्रहालय आहे.

व्यापाऱ्याच्या घरात एवढा मोठा माळा रिकामा मिळाला, कारण डच माळे मालासाठीच बांधलेले. कालव्याकाठचं तळघर ओलसर. धान्य, मिरी, कापड वरतीच सुरक्षित. जिने अरुंद आणि उभे, म्हणून दर्शनी भिंतीच्या माथ्यावर ‘हैसबाल्क’ नावाची तुळई पुढे काढलेली असते. तिला कप्पी आणि दोर लावून माल बाहेरून चढवायचा. भिंत रस्त्याकडे किंचित झुकती बांधत, म्हणजे वर चढणारं गाठोडं खिडक्यांवर आपटत नाही. झोल्डरच्याही वर, अगदी आढ्याखाली उरलेली चिंचोळी जागा म्हणजे ‘फ्लीरिंग’.

मराठी वाचकाला माहीत असलेला सगळ्यात प्रसिद्ध झोल्डर म्हणजे अ‍ॅमस्टरडॅममधल्या प्रिन्सनग्राख्ट २६३ मधला, अ‍ॅन फ्रँकच्या घरचा. अ‍ॅन आणि तिच्यासोबतची माणसं नाझींपासून माळ्यावर लपली होती असं सरसकट लिहिलं जातं, ते बरोबर नाही. राहायच्या खोल्या मागच्या इमारतीत खाली होत्या. झोल्डरवर धान्याचा साठा असे, आणि तिथल्या खिडकीतून आकाश आणि मागच्या आवारातलं चेस्टनटचं झाड दिसे. दिवसा पडदे ओढून बसणारी मुलगी ऊन आणि हवा घ्यायला तिथेच जाई.

माळा केव्हा खोली होतो, यावर आज नेदरलँड्समध्ये पैशांचा हिशोब चालतो. घर विकताना राहण्याचं क्षेत्रफळ मोजायची जी पद्धत आहे, तिच्यात उतरत्या छपराखाली १.५० मीटरपेक्षा कमी उंचीचा पट्टा धरत नाहीत. वर जायला पक्का जिना नसेल, किंवा पुरेसा उजेड देणारी खिडकी नसेल, तर अख्खी जागा साठवणीची धरतात, मग आत पलंग आणि टेबल का असेना. जाहिरातीत झोल्डरकामर लिहिलेलं असेल तर घेणाऱ्याने आधी तीन गोष्टी पाहाव्यात: छपरात खिडकी आहे का, मधोमध ताठ उभं राहता येतं का, आणि जिना पक्का आहे की छतातून खाली ओढायचा घडीचा. घडीच्या शिडीला तिथे ‘फ्लिझोट्राप’ म्हणतात. फ्लीरिंगचा फ्लि, झोल्डरचा झो आणि ट्राप म्हणजे जिना. सोलारिउममधलं उरलंसुरलं ‘सो’ इथे ‘झो’ होऊन एका घडीच्या शिडीच्या मधोमध अडकलेलं आहे. शेजारचा ल आणि आपला तो ड मात्र कातरीत गेले.